पिकन स्ट्रीटचा निरोप

तो दिवा घालव आधी, मार्कीस. डास येतात. आणि टिया, तू त्या झोपाळ्यावर पाय वर घेऊन बस, मग मध्येच "काका, पुरे" म्हणायचं नाही.

मघाशी जेवताना तुम्ही काय म्हणत होतात? या टॅलबर्टमध्ये काही म्हणजे काही घडत नाही. कॉलेज संपलं की सामान उचलायचं आणि अलाबामाला रामराम. खरं आहे तुमचं, मी वाद घालत नाही. तुमच्या वयाचा असताना मीही हेच म्हणायचो, आणि सगळी नोकरी इथल्या पाणीपुरवठ्यात काढून याच व्हरांड्यात बसलोय.

पण समोरच्या पिवळ्या घरातली कोरीन बास्कम आठवते ना? दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची ती. ती गेली बाहेर. कशी गेली ते सांगतो. बरंचसं तिनंच मला सांगितलंय. थोडं माझ्या या कानानं ऐकलंय.

सुरुवात अगदी साधी. एक भांडं परत द्यायचं होतं.

त्या जुलैत तिची आई वारली. इमोजीन. दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, आणि कोरीननं एकटीनं सगळं केलं. मग अंत्यविधीला आपल्याकडं येतं तसं सगळं गाव भांडी घेऊन आलं. चिकन, मॅकरोनी, भाज्या, पीचचा गोड कॉबलर. ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक भांड्याच्या तळाला चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. खाणारं माणूस एकटं, आणि भांडी पाहावीत तर हॉटेलची.

तुम्हाला वाटेल, आई गेली, पोरगी सुटली. सुटली कुठली? उलट तेव्हापासून तिला घर खायला उठलं. रात्री झोप नाही. उठायची, गाडी काढायची, बायपासच्या टोकापर्यंत जायची आणि तिथल्या शेवटच्या पेट्रोल पंपाला वळसा घालून परत यायची. मला खिडकीतून दिवे दिसायचे. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात प्रत्येकजण विचारणार, "काल रात्री कुठं निघाली होतीस गं?" तोंडात कापूस घातलेला माणूससुद्धा विचारणार. ती म्हणायची, "काका, इथं मला शिंक आली तर तीन गल्ल्यांवरून कोणीतरी 'देव भलं करो' म्हणतं. छान आहे ते. पण मला एकदा तरी अशी शिंकायचीय की कोणाला कळणार नाही."

मग तिला शार्लटला नोकरी लागली. तिनं फक्त मला सांगितलं. चार दिवसांत चर्चमध्ये लोक तिला थंडीचे कोट आणून द्यायला लागले. जसं काही बाई उत्तर ध्रुवावर चालली आहे.

तर ऑगस्टचा शेवटचा शुक्रवार. दोन हजार तेवीस साल. फुटबॉलचा पहिला सामना, आणि तोही आपल्याच मैदानावर. म्हणजे गावात चिटपाखरू नाही. दुकानं बंद, रस्ते मोकळे. नुसता मैदानाच्या दिव्यांचा पांढरा उजेड आभाळात, आणि बँडचा ढोल सगळ्या गावभर. मी नेहमीप्रमाणं फाटकावर तिकिटं फाडत होतो.

कोरीन शनिवारी सकाळी निघणार होती. गाडी भरून तयार होती. सगळी भांडी पोचली होती, एक सोडून. लंबगोल, काचेचं, कडेला थोडं टवकलेलं. त्यातून मक्याचं पुडिंग आलं होतं. तळाला नाव होतं ओ. ट्रुइट, आणि खाली पत्ता, पिकन स्ट्रीट. कोणी आणून ठेवलं ते तिला आठवत नव्हतं. त्या दिवशी कोण आलं, कोण गेलं, तिला काय कळत होतं? पण आईनं लहानपणापासून शिकवलेलं, की माणसाचं भांडं घरात ठेवून गाव सोडायचं नाही, आणि परत देताना रिकामं द्यायचं नाही. तिनं अंगणातली अंजीरं तोडली, भांड्यात भरली, वर फडकं टाकलं आणि निघाली.

पिकन स्ट्रीट माहीत आहे ना? रेल्वेच्या पलीकडं, बंद पडलेल्या मोज्यांच्या गिरणीमागं. तिकडं आता फारसं कोणी राहत नाही. पण त्या रात्री तिथं एका व्हरांड्यात दिवा होता. पांढरं, नेटकं घर. पायऱ्यांवर कुंड्या. लोखंडी खुर्चीत एक म्हातारी बसली होती. चर्चला जायचा निळा पोशाख, डोक्यावर हॅट, मांडीवर पर्स. आणि दोन्ही हात पर्सवर.

"कोण गं ती?"

"मी कोरीन, बाई. कोरीन बास्कम. तुमचं भांडं आणलंय."

"बास्कम? कुठले बास्कम? बर्फाच्या कारखान्यातले की चर्चमागचे?"

"चर्चमागचे. वेंडलची मुलगी."

"म्हणजे इमोजीनची." म्हातारीनं तिला खालून वर न्याहाळलं. "कपाळ तिचंच आहे. हट्टी. ये, बस."

"नाही, मी जरा घाईत—"

"बस गं. बसल्यानं कोणी म्हातारं होत नाही. मी उभ्या उभ्याच झाले."

कोरीनला हसू आलं. ती बसली. भांडं पुढं केलं. म्हातारीनं हात लावला नाही. म्हणाली, "ठेव तिथंच, पायरीवर. पुडिंग बरं होतं का?"

"सगळ्यांत आधी तेच संपलं."

"जायफळ जास्त पडलं होतं."

"छे हो."

"खोटं बोलतेस. पण चांगलं बोलतेस. आईनं वळण लावलंय." मग म्हातारीनं रस्त्यात उभ्या गाडीकडं मान वळवली. "गाव सोडून चाललीस."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गाडी मागून बसलीय की. भाजी आणायला निघालेली गाडी अशी बसते का?"

कोरीन म्हणाली, "शार्लटला चाललेय."

"किती लांब आहे ते?"

"सहा-सात तास."

"आणि त्याच्या पुढं काय आहे?"

"पुढं?"

"अगं, रस्ता काय तिथं संपतो का?"

आता हे बोलणं चालू असताना कोरीनचं लक्ष पुन्हा त्या पोशाखाकडं गेलं. हॅटला पिन. पायात काळे बूट, घासून पुसून लखलखीत. एवढ्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेली, पण कपाळावर घामाचा टिपूस नाही.

"तुम्ही कुठं निघालात का, मिस ओडेसा?" तिनं विचारलं.

नाव तोंडातून गेल्यावर तिला वाटलं, आपल्याला हे कोणी सांगितलं? चिकटपट्टीवर तर नुसतं 'ओ' होतं.

म्हातारी म्हणाली, "केव्हाची."

आणि मग तिनं सांगितलं. तरुणपणी तिला डेट्रॉइटला जायचं होतं. बहीण होती तिथं, मोटारींच्या कारखान्यात. बॅग भरून दाराशी ठेवली होती. त्याच आठवड्यात आई पडली, कंबर मोडली. आईचं झालं, मग वडलांचं. मग बहीणच वारली आणि तिची पोरं इकडं आली वाढायला.

"मग?"

"मग काय... बॅग दाराशीच. आम्ही तिला वळसा घालून जा-ये करायचो. पुढं पुढं ती तिथं आहे हे दिसेनासंच झालं. लोकांना वाटायचं, ओडेसाला इथंच आवडतं. खुर्चीत बसते, येणाऱ्याजाणाऱ्याला हात करते. अगं, हात करायचे मी... कोणीतरी गाडी थांबवेल म्हणून."

कोरीनलाही लोक असंच म्हणायचे. कोरीन? तिला काय हवंय आणखी? तिचं इथं छान चाललंय.

ती उठली. "निघते आता."

"काय घाई आहे?"

तुम्हाला आपला निरोप माहीत आहे. खुर्चीतून उठायचं आणि अर्धा तास उभं राहायचं. मग पायरीवर. मग फाटकाशी. मग गाडीत बसलं तरी खिडकीला धरून. कोरीन उठली तशी म्हातारीही उठली. पायरीवर थांबली, तिथं बोलली. फाटकाशी थांबली, तिथं बोलली. कोरीनला त्यात वावगं काही वाटलं नाही. एकच गोष्ट तिच्या ध्यानात आली. ती लोखंडी खुर्ची, जुनी, गंजलेली. म्हातारी उठली तेव्हा... तिचा आवाजच झाला नाही.

आणि फाटकाशी आल्यावर आणखी एक. बँड थांबला होता. लोकांचा गलका थांबला होता. रातकिडेसुद्धा.

ती गाडीत बसली. म्हातारी पलीकडच्या बाजूनं आली. पलीकडच्या खिडकीच्या काचेवर हात ठेवला.

"किती लांब म्हणालीस?"

"शार्लट, बाई."

"आणि थांबणार नाहीस ना कुठं?"

"नाही."

"परत वळणार नाहीस?"

कोरीन म्हणाली, "नाही. काळजी घ्या, मिस ओडेसा."

आपल्याकडं यावर माणूस म्हणतं, "तूही घे, बाळ." म्हातारी काही बोलली नाही. निरोपाचा एक शब्द नाही. नुसती काचेतून आत बघत होती... कोरीनकडं नाही. शेजारच्या सीटकडं.

कोरीननं गाडी काढली. मनात काय आलं कोण जाणे, पण तिनं तिथंच ठरवलं. सकाळची वाट बघायची नाही. आत्ताच निघायचं. वळताना आरशात पाहिलं. फाटकाशी कोणी नव्हतं. तिला वाटलं, म्हातारी चपळ आहे.

रेल्वेचं फाटक पडलं होतं. मालगाडी. तुम्हाला माहीत आहेच, ती मालगाडी एकदा सुरू झाली की संपत नाही. मागं रस्त्यावर कोणी नाही, पुढं डबे धडधडताहेत. आणि तिनं मला फोन लावला.

मी मैदानाच्या फाटकावर. दुसरं सत्र सुरू झालं होतं. मी कानावर हात धरून बोलत होतो.

"काका, मी निघाले. घराची दुसरी किल्ली तुमच्या टपालाच्या पेटीत आहे, मघाच टाकली होती."

"अगं, सकाळी जाणार होतीस ना?"

"सकाळी निघाले तर सगळी गल्ली निरोप द्यायला येणार. संध्याकाळ होईल तिथंच."

मी हसलो. "आणि ते शेवटचं भांडं?"

"दिलं. आत्ताच दिलं मिस ओडेसाला. काय गोड आहे हो म्हातारी. सोडतच नव्हती."

मी म्हणालो, "कोणाला दिलंस?"

"ओडेसा ट्रुइट. पिकन स्ट्रीट."

पोरांनो... ओडेसा ट्रुइटनं मला रविवारच्या शाळेत शिकवलंय. तिच्या हातची छडी खाल्लीय मी. आणि तिच्या शवपेटीला मी खांदा दिलाय. ही कोरीन तेव्हा रांगत होती.

नुसते डबे ऐकू येताहेत. धडधड... धडधड...

आणि तेवढ्यात फोनमध्ये दुसरा आवाज आला. अगदी जवळून. कोरीनच्या आवाजापेक्षाही जवळून.

"सांग त्याला... आम्ही निघालो म्हणून."

"कोरीन," मी म्हणालो, "गाडीत कोण आहे?"

"कोणी नाही. का हो?"

तिला ऐकूच आलं नव्हतं! मी ओरडलो, "उतर! गाडीतून उतर आधी!" पण मालगाडीनं भोंगा दिला, आणि फोन कट झाला.

झोपाळा थांबव, टिया. करकरतोय.

आता गाडीत काय झालं, ते.

फोन कट झाला आणि घंटी वाजायला लागली. टिंग. टिंग. टिंग. शेजारी बसलेल्या माणसानं पट्टा लावला नाही की वाजते ती. समोर लाल दिवा. कोरीनला वाटलं, सीटवर पर्स आहे, तिचं वजन. तिनं पर्स उचलली, मागं टाकली.

टिंग. टिंग.

सीट रिकामी.

टिंग.

तिनं हात पुढं केला. सीट चाचपून बघावी म्हणून. हात अर्ध्यावर गेला... आणि गारठा लागला. तळघराचं दार उघडल्यावर लागतो तसा. जायफळाचा वास आला. हात पुढं जाईना. तिनं तो मागं घेतला. स्टीअरिंगवर ठेवला. दुसराही ठेवला. आणि समोर बघत बसली. फक्त समोर.

डबे. डबे. डबे.

टिंग. टिंग.

मग शेजारी कापडासारखं काहीतरी सरकलं. हळू. सवय नसलेल्या हातानं ओढावं तसं.

आणि... टक्.

घंटी थांबली. लाल दिवा विझला.

मालगाडीचा शेवटचा डबा गेला. फाटक वर झालं. कोरीन हलली नाही. डावीकडं वळलं तर मैदान. तिथं मी होतो, सगळं गाव होतं, उजेड होता. दोन मिनिटांचा रस्ता. कोणीही तिकडंच पळालं असतं. मीही.

पण ती मला म्हणाली, "काका, मला त्या क्षणी शेजारच्यापेक्षा जास्त भीती कशाची वाटली सांगू? आज परत गेले, तर मी परत कधी निघणार नाही. तुम्ही मला घरी न्याल. सूप आणतील लोक. महिनाभर कोणी एकटं सोडणार नाही. आणि मग बॅग दाराशीच."

ती समोर बघतच म्हणाली,

"मिस ओडेसा... मी शार्लटला चाललेय. थांबणार नाही. वळणार नाही. उतरायचं असेल तर... आत्ता उतरा."

ती थांबली.

दार उघडलं नाही.

तिनं गाडी सरळ हाणली.

रेडिओवर सामन्याचं समालोचन लावून ठेवलं, माणसाचा आवाज असावा म्हणून. जिल्ह्याची हद्द ओलांडली तसा तो खरखरायला लागला, मग विरला. तिनं दुसरं काही लावलं नाही. जॉर्जियाच्या सीमेवर नदी आली. आपली माणसं म्हणतात ना, की भुतंखेतं वाहतं पाणी ओलांडत नाहीत? पुलाच्या तोंडाशी कोरीननं वेग कमी केला. अगदी कमी. मागचा ट्रकवाला शिव्या देत पुढं गेला. निम्मा पूल... पाऊण पूल... आणि पलीकडची जमीन लागली तेव्हा शेजारी कोणीतरी श्वास सोडला. लांब. छातीवरचा दगड उतरल्यासारखा.

कोरीन म्हणाली, "मला त्यानंतर भीती वाटली नाही, काका. का ते विचारू नका."

मी? मी तिकिटांचा गठ्ठा तिथंच टाकून पिकन स्ट्रीटला गेलो होतो. बॅटरी घेऊन. मला माहीतच होतं काय दिसणार. ते घर पाडलं तेव्हा पाण्याची जोडणी मीच बंद केली होती. तीन सिमेंटच्या पायऱ्या उरल्यात तिथं. त्यांच्या वर घर नाही. मागं कमरेएवढं गवत. सबंध रस्त्यावर एक दिवा नाही. मी त्या पायऱ्यांसमोर उभा राहिलो, आणि मला एकच गोष्ट आठवत होती. इमोजीनच्या अंत्यविधीला ते मक्याचं पुडिंग मी दोनदा वाढून घेतलं होतं. गरम होतं ते.

हसू नकोस, मार्कीस. तूही खाल्लंस.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, कोरीन आली. तीच गाडी. अंगानं भरली होती, केस कापले होते, बोलणं मोकळं झालं होतं. एकटी राहते, कोणी ओळखत नाही, आणि झोप चांगली लागते म्हणाली. जेवणाआधी म्हणाली, "काका, चला, क्रीम संपलंय, पटकन घेऊन येऊ."

मी आपला सवयीनं पुढचं दार उघडलं.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही मागं बसा."

मी आत पाहिलं. सीटवर कोणी नव्हतं. पण पट्टा लावलेला होता. आता, रिकाम्या सीटवर पट्टा लावला तर तो पाठीला चिकटून बसतो, ताणलेला. हा तसा नव्हता. सीटपासून वीतभर पुढं, गोलाई धरून, हवेत होता.

मला वाटलं, यंत्र बिघडलं असेल. मी वाकलो आणि लाल बटण दाबलं. टक् करून कडी सुटली.

पट्टा मागं गेला नाही. तसाच राहिला.

मग तो माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली आला... आणि कडी पुन्हा लागली.